आक्कांनी वेळ सांगितली होती

आक्का सिस्टर यकृताला काळीज म्हणायच्या. आम्ही डॉक्टर मंडळी लिव्हर म्हणत असू, पुस्तकात यकृत होतं, पण आक्कांच्या तोंडी कायम काळीज. कुणी नवा डॉक्टर हसला की त्या त्याला सरळ खाटकाकडे पाठवायच्या.

"लोकं छातीवर हात ठिवत्यात आणि काळीज म्हणत्यात. एकदा मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा. त्यो काय काढून देतोय बगा. त्येनं कुठली शाळा केलीया? पण त्येला ठावं हाय."

आक्काताई चौगले हे त्यांचं पूर्ण नाव. गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, नोकरी कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. ऑपरेशन थिएटरच्या त्या इन्चार्ज सिस्टर. मी भूलतज्ज्ञ म्हणून तिथं रुजू झालो तेव्हा त्यांना तिथं वीसेक वर्षं झाली होती. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, चालताना पाय किंचित फाकवून टाकणाऱ्या. आवाज असा, की भाताच्या खाचरातून पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची सवय थिएटरच्या चार भिंतींत आल्यावरही सुटलेली नव्हती. तोंडावर मास्क असला तरी शब्द न शब्द कळायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. आक्कांचा आवाज ऐकू आला नाही असं जो म्हणेल तो खोटं बोलतो, आणि असं म्हणणाऱ्यांत मीही आहे.

रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात एका जाडजूड पेशंटच्या घशात श्वासाची नळी घालताना मला वाट दिसेना. एकदा प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा फसला. पेशंटचा ऑक्सिजन उतरू लागला तसा मॉनिटरचा आवाज खाली खाली येऊ लागला. आक्का कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंही नाही. त्यांनी दोन बोटांनी पेशंटचा गळा बाहेरून दाबला, थोडा उजवीकडे सरकवला, आणि आयुष्यात एकदाच, माझ्या कानाशी, हळू आवाजात बोलल्या, "हाय हाय, दिसतंय बगा आता." दिसलं. नळी गेली. त्या लगेच बाजूला झाल्या आणि कोपऱ्यातल्या वॉर्डबॉयवर ओरडायला लागल्या, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडे जावं. त्या प्रसंगाबद्दल त्या पुन्हा कधी चकार शब्द बोलल्या नाहीत.

त्या कसबा बावड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. भावाची दोन पोरं शिकायला त्यांच्याकडे होती, ती शिकून नोकरीला लागून गेली. गळीत हंगामात साखर कारखान्याची काजळी बावड्यावर उतरते, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. आक्का हंगामाचे चार-पाच महिने सगळे कपडे घरात, स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळवायच्या. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या साडीला कधी डाग नसे, पण फोडणीचा वास असे. डब्यात नाचणीची भाकरी आणि काहीतरी कोरडं. मोठं ऑपरेशन असलं की सकाळी माझ्यापुढे भाकरीचा तुकडा यायचा. "खावा आदी. उपाशी डॉक्टर पेशंटकडं न्हाय, घड्याळाकडं बगतोय." मी खायचो. वर्षभरातच त्या बाहेरचं कुणी नसताना मला लेका म्हणायला लागल्या.

आक्कांचं खरं राज्य होतं मोजणीत. पोट शिवायच्या आधी कात्र्या, चिमटे, रक्त टिपायची जाड कापडं, ज्यांना आम्ही मॉप म्हणतो, सगळं मोठ्यानं मोजायचं. मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. आणि यकृताच्या ऑपरेशनात त्या वेळ मोजायच्या.

हे जरा सांगायला हवं. यकृत म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज. त्याचा तुकडा कापायचा तर रक्त फार जातं. म्हणून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्याभोवती सर्जन एक फीत टाकतो आणि ती आवळतो. रक्त थांबतं, कापायला सोपं जातं. पण तेवढा वेळ यकृत उपाशी राहतं. म्हणून आमच्याकडची पद्धत अशी, की पंधरा मिनिटं आवळायचं, पाच मिनिटं सोडायचं, मग पुन्हा पंधरा. रक्त बंद असताना इजा होतेच, पण उपास लांबला आणि मग रक्त एकदम परत आलं, की त्या येणाऱ्या रक्तानंच जास्त नासधूस होते. शिकाऊ डॉक्टरांना हे पटकन समजत नाही. जे रक्त वाचवायला येतं तेच मारतं कसं? आक्का समजावायच्या:

"दुष्काळातनं आलेल्या माणसाम्होरं एकदम भरलं ताट ठिवलं तर त्यो खाऊन मरतोय. काळजाचं तसंच हाय. उपाशी ठिवायचंच असंल तर थोडं ठिवा, आणि येळच्या येळी घास द्या."

हे त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. आमच्याकडे यकृताचं पहिलं ऑपरेशन करायला पुण्याहून एक वयस्क सर्जन आले होते. चहाच्या वेळी आक्कांनी त्यांना विचारलं, "पंधराच का वो? वीस का न्हाय? आणि धा का न्हाय?" म्हणे तो माणूस चहा थंड होईपर्यंत त्यांना समजावत बसला होता. दुसऱ्या दिवशी आक्कांनी शाहूपुरीतल्या एका खेळाच्या दुकानातून स्टॉपवॉच आणलं. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण त्याचा सेल बदलायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी होतं. फीत आवळली की त्या बटण दाबायच्या, पांढऱ्या फळ्यावर वेळ लिहायच्या आणि हाका द्यायला लागायच्या. "पाच झाली... धा... बारा... चौदा... पंदरा, सोडा!" एकदा आमचे मोठे विश्वस्त पाहुण्यांना थिएटर दाखवायला आत आले आणि सर्जनशी गप्पा मारू लागले. आक्का म्हणाल्या, "साहेब, चार मिंटं हायती अजून. मग बोला." विश्वस्त चार मिनिटं भिंतीला टेकून गप्प उभे राहिले.

विश्वस्त ज्याच्याशी बोलत होते तो सर्जन म्हणजे डॉ. विक्रम इनामदार. विक्रम आमच्या हॉस्पिटलातच शिकाऊ डॉक्टर म्हणून आला, तिथंच मोठा झाला. गाठ मारायला त्याला आक्कांनी शिकवलं होतं, खुर्चीच्या हाताला दोरा बांधून. हात देखणा होता त्याचा. ऑपरेशन करताना बघत राहावंसं वाटे. त्यानं एकदा, आम्ही दोघंच चहा पीत असताना, हसत हसत मला एक गोष्ट सांगितली होती.

तो पहिल्या वर्षाला असतानाची. पोट शिवायला घेतलं आणि आक्का म्हणाल्या, एक मॉप कमी हाय. त्या वेळचे मोठे सर्जन तापट. ते म्हणाले, मोजणी चुकली असेल, पुढे चला. आक्कांनी सुई दिली नाही. "मॉप गावल्याबिगर सुई मिळायची न्हाय," म्हणाल्या. अखेर पोट पुन्हा चाचपलं तेव्हा मॉप सापडला, प्लीहेच्या मागे. तो तिथं विक्रमनं ठेवला होता आणि सांगायला विसरला होता. मोठ्या सर्जननी विचारलं, कुणी ठेवला? विक्रम सांगत होता, "त्या दिवशी मला हाकललंच असतं. आणि आक्का म्हणाल्या, मी दिलता, सांगायचं राहिलं माझं."

आक्कांना लेखी समज मिळाली. ती त्यांच्या फाइलला लागली.

"आणि मला बाहेर काय म्हणाल्या माहितीय?" विक्रम म्हणाला. "म्हणाल्या, आता तरी इसरू नगा, डॉक्टर. माझ्या फाइलीत जागा कमी हाय."

आम्ही दोघंही त्यावर खूप हसलो होतो.

शोभाताई नावाच्या एक बाई आमच्याकडे आल्या तेव्हा विक्रमचं नाव जिल्ह्याबाहेर जायला लागलं होतं. शोभाताई बावड्याच्याच, आक्कांच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून. यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगी स्वाती शाळेत शिक्षिका. यकृतात गाठ होती, काढता येण्यासारखी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वाती आक्कांना भेटली. मी तिथंच होतो. ती घाबरलेली होती. आक्कांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी हाय की आत. येळ माझ्या हातात असती. घाबरू नगस."

त्या दिवशी थिएटरमध्ये दोन पाहुणे सर्जन बसले होते, बाहेरगावचे, विक्रमची पद्धत बघायला आलेले. पोट उघडल्यावर दिसलं की यकृत चरबीनं भरलंय, पिवळट, फुगलेलं. असं यकृत उपास सोसत नाही. विक्रम ते पाहुण्यांना स्वतःच समजावून सांगत होता. पहिली पंधरा मिनिटं, मग सोडलं. दुसरी पंधरा, मग सोडलं. आक्कांच्या हाका चालू होत्या. तिसऱ्या वेळी तो मोठ्या शिरेच्या जवळ पोचला होता आणि एक फांदी थोडी फाटली. जीव जावा इतकं रक्त नव्हतं, पण पाहुण्यांच्या समोर ते त्याला नको होतं.

"पंदरा, सोडा!"

"थांबा सिस्टर. हे शिवून होऊ दे."

"सतरा."

"कळतंय मला."

"वीस."

फांदी शिवून झाली होती. रक्त थांबलं होतं. आता सोडायला हरकत नव्हती. पण जागा कोरडी होती, स्वच्छ दिसत होतं, आणि विक्रमनं पाहुण्यांकडे बघून म्हटलं, "एवढं आलोच आहोत, तर पुरं करूनच सोडू."

"बावीस. विक्रम डॉक्टर, बावीस झाली."

"आक्का, गप्प बसा जरा."

आक्का टेबलाच्या जवळ आल्या. हातात स्टॉपवॉच. "पंचवीस. काळीज उपाशी हाय, डॉक्टर. सोडा."

पाहुण्यांपैकी एकजण हसला. काळीज शब्दाला हसला असावा. विक्रमचे कान लाल झालेले मला टोपीखालून दिसले. त्यानं मान वर केली नाही. त्यानंतर आक्का दर मिनिटाला हाक देत राहिल्या. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. थिएटरमध्ये दुसरा आवाजच नव्हता. मी पेशंटच्या डोक्याशी बसलो होतो, आक्कांपासून चार हातांवर. मी काहीतरी बोलायला हवं होतं. भूलतज्ज्ञ सर्जनला थांब म्हणू शकतो, ते त्याचं कामच आहे. मी ब्लडप्रेशर बघत होतो. ब्लडप्रेशर चांगलं होतं.

बेचाळीस मिनिटांनी फीत सुटली. रक्त आत गेलं आणि ब्लडप्रेशर खाली कोसळलं. पुढचा अर्धा तास मी औषधं देत होतो. यकृत गुलाबी व्हायला हवं होतं, ते ठिकठिकाणी जांभळंच राहिलं. आक्का भिंतीशी उभ्या राहून ते बघत होत्या. फळ्यावर त्यांनी वेळ लिहिली होती. तिसरी बंद, तिसरी चालू. कुणीतरी दुपारच्या आधी फळा पुसला.

शोभाताई शुद्धीवर आल्या, मुलीशी बोलल्या. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, बोलणं भरकटायला लागलं. टोचल्या जागी रक्त थांबेना. चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. ते बेचाळीस मिनिटांनीच झालं असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. चांगलं यकृत कधी कधी एवढंही सोसतं. पण हे चांगलं नव्हतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

नातेवाइकांनी चौकशी मागितली. विक्रमनं मला त्याच्या केबिनमध्ये बोलावलं. डोळे सुजलेले होते त्याचे. मला वाटतं तो खरोखर रडला होता. त्यानं माझा भुलीचा तक्ता पुढे ठेवला. त्यावर मी नेहमीप्रमाणे फीत आवळल्या-सोडल्याच्या वेळा लिहिल्या होत्या.

"ह्याच्यावर डाग पडलेत. फेअर करून दे," तो म्हणाला.

"वेळा?"

"वेळा तुझ्या तक्त्यात असायलाच हव्यात असं कुठंय? त्या माझ्या नोटमध्ये आहेत." मग म्हणाला, "हे फक्त बाहेरच्यांसाठी. आक्कांना धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे. त्या मला आईच्या ठिकाणी आहेत."

मी नवा तक्ता लिहून दिला. वेळा गाळून. जुना मी फाडला नाही, घरी नेला. का नेला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चौकशी समिती बसली ती विश्वस्तांच्या खोलीत. लांब टेबल, बिस्किटांच्या बश्या. बाहेरगावच्या पाहुणे सर्जनांना बोलावलंच नव्हतं, आणि थिएटरमधले बाकीचे विक्रमच्या हाताखालचे. विक्रमनं सांगितलं की रक्तस्रावाच्या गडबडीत तो पूर्णपणे सिस्टरांच्या वेळेवर अवलंबून होता, आणि सिस्टरांची हाक आलीच नाही. त्याच्या अंदाजानं वीसेक मिनिटं झाली असतील. थिएटरच्या रजिस्टरमध्ये आक्कांनी बेचाळीस लिहिलेत, ते त्यांनी नंतर, अंदाजानं लिहिले असावेत. हे बोलताना त्याचा आवाज अगदी मऊ होता. आणि मग त्यानं आक्कांची फाइल उघडली.

"सिस्टरांबद्दल मला आदरच आहे," तो म्हणाला. "पण हे पहिल्यांदाच झालेलं नाही. पूर्वी मॉपच्या मोजणीतही त्यांची चूक झाली होती. लेखी समज आहे. वय होतं, माणूस थकतं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ती गोष्ट मला माहीत आहे, त्यानंच सांगितलेली आहे, हे त्याच्या लक्षात होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही.

आक्का त्या समजेच्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना बहुधा वाटलं असेल, की आता विक्रम स्वतःच म्हणेल, ती चूक माझी होती. त्या तशा थांबल्या होत्या. तो काही बोलला नाही तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मी पंदराला सांगितलं. सतराला सांगितलं. वीसला सांगितलं. पंचवीसला टेबलाजवळ जाऊन सांगितलं. त्येच्याम्होरं परत्येक मिंटाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझं खोटं वाटत असंल तर ह्या डॉक्टरांना इचारा. ते डोक्याशी बसलं हुतं."

सगळे माझ्याकडे वळले. आक्काही वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी सांगणार आणि हे मिटणार, अशी खात्री होती. ती खात्री मला अजून दिसते.

मी म्हणालो, "माझं लक्ष मॉनिटरवर होतं. मला नक्की आठवत नाही."

खोलीत कुणीतरी बिस्किटाची बशी सरकवली. आक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्या नुसतं बघत होत्या, मोजणीत एखादी वस्तू कमी आली की बघायच्या तसं, म्हणजे असेल कुठंतरी, परत एकदा बघू. मग त्या समितीच्या कारकुनाला म्हणाल्या, "लिवा मग. डॉक्टरांना ऐकू आलं न्हाय."

त्यांना थिएटरमधून काढून कपडे धुण्याच्या विभागावर टाकलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आक्का त्या विभागात गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, राजीनाम्याचा कागद दिला आणि नव्या इन्चार्ज सिस्टरला सगळं मोजून दिलं. एकेक कात्री, एकेक चिमटा. काचेच्या दारातून मला दिसत होतं. आवाज तोच, खणखणीत. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता. शेवटी नव्या सिस्टरची सही घेतली आणि माझ्यासमोरून गेल्या. मी "आक्का" म्हणालो. त्या थांबल्या नाहीत.

विक्रमला मी विचारलं, "तुझा शब्द होता ना?" तो म्हणाला, "समितीचा निर्णय आहे रे. माझ्या हातात होतं का ते?" आणि मग, "तू तरी कुठं बोललास?" त्यानं मला फसवलं होतं हे खरं. पण मी फसलो ते मला फसायचं होतं म्हणून. मोठ्या सर्जनच्या टीममधली जागा होती ती.

चार-पाच महिन्यांनी स्वाती माझ्या ओपीडीत आली. ती आधी आक्कांच्या घरी गेली होती, त्यांना नको नको ते बोलून आली होती. "तुम्ही म्हणालात वेळ तुमच्या हातात असते," असं ती त्यांच्या दारात उभी राहून ओरडली. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी येळ सांगितली हुती, बाळ." स्वातीला आधी ते खोटं वाटलं. मग खोटं वाटेना.

"त्या खरं बोलत होत्या का?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "लिहून द्याल?"

"विचार करतो."

तिनं दोनदा फोन केला. मी उचलला नाही. नंतर तिनं करायचं सोडलं.

पुढे विक्रमनं स्वतःचं हॉस्पिटल काढलं. मीही वर्षभरात ती नोकरी सोडली. आणि मग शाहूपुरीतल्या एका हॉटेलात डॉक्टरांची सभा झाली. विषय होता, रक्तपुरवठा थांबल्यावर यकृत कसं वाचवायचं. वक्ता विक्रम. मी मागच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू. विक्रम म्हणाला, "माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो. दुष्काळातून आलेल्या माणसापुढे एकदम भरलेलं ताट ठेवू नये. यकृताचंही तसंच आहे. वेळच्या वेळी घास द्यायचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या तरुण डॉक्टरनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मी घरी आलो, जुना तक्ता काढला आणि लिहायला बसलो. काय घडलं, कोण काय म्हणालं, मी काय खोटं बोललो, मॉपची खरी गोष्ट काय होती, सगळं. एक प्रत ट्रस्टला पाठवली, एक स्वातीला. ट्रस्टकडून आजतागायत उत्तर नाही. स्वातीचा दोन ओळींचा निरोप आला. "मिळालं. हे आधी आक्कांना दाखवायला हवं होतं. त्या गावी असतात."

मी गेलो. राधानगरीच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो. शेवटचा चढ चालत चढावा लागला. संध्याकाळचा चार-साडेचारचा सुमार. भावाच्या घराला लागून गोठा होता आणि आक्का म्हशीची धार काढत होत्या. केस पुरते पांढरे झालेले, पदर कमरेला खोचलेला. मी अंगणात उभा राहिलो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मला ओळखलं, ह्यात मला तिळमात्र शंका नाही. मग त्या परत धारेकडे वळल्या आणि कासेतलं शेवटचं दूध निपटून होईपर्यंत उठल्या नाहीत.

मी पाकीट पुढे केलं. "आक्का, मी सगळं लिहिलंय. खरं खरं."

त्यांनी हात पुसले. पाकीट घेतलं नाही. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "कुणाला वाचायला?"

पाकीट माझ्या हातातच राहिलं. त्यांनी दूध किटलीत गाळलं, झाकण दाबून बसवलं. आतून त्यांच्या भावजयीनं विचारलं, "कोण आलंय वो, वन्सं?"

आक्का त्याच आवाजात बोलल्या, जो थिएटरच्या कानाकोपऱ्यात पोचायचा.

"पावणं हायेत. वाट चुकल्यात. च्या दे त्यांस्नी आणि रस्ता दाव. माझी डेअरीची येळ झाली."

किटली उचलून त्या बांधावरून निघाल्या. पाय किंचित फाकवून, भराभर. वळणापर्यंत दिसत होत्या. भावजय चहा घेऊन बाहेर आली. मी उभ्या उभ्याच प्यायलो. कप घेताना ती बाई मोठ्या आपुलकीनं म्हणाली, "आलासा त्याच वाटंनं जावा की, पावणं. दुसरी वाट न्हाय हितनं."